सातव्या ओळीचा वाख

“हा वाख आहे की खराट्याचे हीर?” तोराओनं जुडी उन्हात धरली. “संपलं. सातवी ओळ आज कापून टाकायची.”

त्याची बायको मासुए खोपटाच्या दारात आली. “आजच?”

“मग काय, मुहूर्त काढू? दोन दिवसांत नरफुलं उमलतील. त्यांचा पराग बाकीच्या ओळींवर गेला, की सगळं बी बाटलं.”

बावीस वर्षं तोराओ भांगेच्या झाडांतून निवडून निवडून बी राखत होता. नशा जवळजवळ नाही आणि सालीतून निघणारा वाख रेशमासारखा, असं वाण त्याला हवं होतं. जपानातल्या तोचिगीच्या त्या डोंगरात लोक त्याच्या या खुळाला हसत. पण झाड कितीही देखणं असो, त्याची परीक्षा व्हायची ती मासुएच्या हाताखाली. फुलं येण्याआधी प्रत्येक ओळीतली थोडी खोडं कापायची, उकळत्या पाण्यात बुचकळायची, वाळवायची, मग पुन्हा भिजवून गवती चटईखाली आंबवायची. साल सुटायला आली की नाही, हे ती नुसता अंगठा लावून सांगे. सगळं गाव तिला विचारून चटया काढी, कारण एक दिवस जरी घाई झाली तरी वाख राठ येतो.

या वेळी घाई झाली होती. अंगठ्याला काही लागलंच नव्हतं. दोन वर्षांपासून तिची बोटं बधिर होत चालली होती आणि तिनं ते नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. बोलावं, तर चाळीस वर्षांचं नाव जाणार. गप्प बसावं, तर त्याचं बी. तोराओ विळा घेऊन बांधापर्यंत पोचलासुद्धा.

“अहो, थांबा! ओळीचा दोष नाही. चटई मीच लवकर काढली.”

“तू? तू चुकशील होय? उगाच थट्टा करू नकोस.”

“मला बोटांनी कळत नाही हो आता,” ती रडवेली झाली. “सुई टोचली तरी कळत नाही. दोन वर्षं नुसत्या अंदाजानं चाललंय.”

“दोन वर्षं? मग गेल्या साली ती अकरावी ओळ कापली, ती?”

“तिचीही चटई अंदाजानंच काढली होती.”

तोराओ विळा बांधावरच टाकून खोपटात आला. सातव्या ओळीचा दुसरा गठ्ठा अजून चटईखाली होता. तिच्या जागेवर बसून त्यानं सालीवर अंगठा ठेवला.

“सांग. काय लागायला हवं?”

“म्हणजे... ते जरा...” मासुए अडखळली. जे चाळीस वर्षं अंगठ्याला कळत होतं, त्यासाठी तिला शब्द कधी लागलाच नव्हता. शेवटी तिनं त्याचा अंगठा आपल्या बोटांत धरला आणि सालीवरून हळूहळू फिरवू लागली.