मिशा बधिर होत्या तोवर

मॉन्टानाच्या वाटेवर, नदीलगतच्या वळणावर मधमाश्यांचा ट्रक कलंडला. मागून पिकअपमध्ये येणाऱ्या लोर्नाच्या डोळ्यांदेखत पेट्या फुटल्या आणि रस्ता माश्यांनी काळा झाला.

पेट्या तिच्या भावाच्या, वेंडेलच्या. ड्रायव्हर एमेट केबिनमध्ये अडकला होता. पाय चेपलेला, काच फुटलेली, आणि तो जिवाच्या आकांताने ओरडत होता.

वेंडेल पिकअपमधून लोर्नाच्या शेजारून उतरला आणि जागीच खिळला. पिकलेल्या केळ्यांसारखा वास सुटला होता. डंख मारणारी माशी हा वास मागे सोडते आणि बाकीच्या त्यावरच तुटून पडतात.

"आधी धूर द्यायला हवा," लोर्ना म्हणाली. ती विद्यापीठात माश्यांच्या मिशांवर, म्हणजे डोक्यावरच्या वास घेणाऱ्या शृंगिकांवर, काम करायची. मिशांवरच्या केसांना बारीक छिद्रं असतात. वासाचा कण त्यातून शिरतो, आतल्या पेशीवरच्या नेमक्या खाचेत बसतो आणि पेशी मेंदूकडे विजेचा ठोका धाडते. वेंडेल या कामाला ‘मिशा कुरवाळणं’ म्हणायचा.

आज त्याला चेष्टा सुचली नाही. "धुराने किती वेळ मिळेल?"

"मिशा बधिर होतात, पण दहाएक मिनिटंच. मग पुन्हा वास घ्यायला लागतील."

"मग पुन्हा धूर देऊ."

डंखांपासून वाचवणारा अंगरखा एकच होता. तो वेंडेलने घातला. लोर्नाने नुसती तोंडावर जाळी चढवली. धुराच्या डब्यात गोणपाट पेटवून ती केबिनभोवती भाता दाबत फिरली. मनगटावर डंख बसला, तशी तिने आधी मनगटालाच धूर दिला. हळूहळू माश्यांचा रोख सुटला. त्या नुसत्याच भिरभिरू लागल्या.

वेंडेल पहार घेऊन आत वाकला आणि किंचाळला, "लोर्ना, डिझेल! इथं सगळं डिझेल सांडलंय! डबा हटव!"

डब्यात निखारे होते. तिने तो नदीत भिरकावला. आता पुन्हा धूर देता येणार नव्हता.

"किती वेळ उरलाय?"

"बोलू नकोस, उचल!"

तीही पहारेला लोंबकळली. "पाय तुटेल हो!" एमेट रडत होता.

"तुटला तर तुटला, ओढ!" वेंडेल ओरडला.

माश्यांचा गुंजारव चढू लागला. एक लोर्नाच्या हातावर बसली, मग आणखी तीन. लोखंड करकरलं, पाय सुटला, आणि दोघांनी एमेटला काखांना धरून फरफटत पिकअपकडे नेलं. पिकअपचं दार लागलं तेव्हा काचांवर माश्या गारांसारख्या आपटत होत्या.

एमेटच्या पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला.

वाहतूक सुरू करायची म्हणून दुपारी अग्निशामकवाल्यांनी उरलेल्या पेट्यांवर फेस मारला आणि आतल्या माश्या त्यात बुडून मेल्या. वेंडेल पाठ फिरवून कठड्यावर बसला. सुजलेला हात सांभाळत लोर्ना त्याच्या शेजारी टेकली.

"एमेटच्या बायकोला फोन करायला हवा," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली. पण बराच वेळ दोघांनीही खिशातून फोन काढला नाही.