टेकडीवर काय पुरलंय

कॅसिनो बांधणाऱ्या कंपनीने छापलेलं चित्र घरोघरी टाकलं होतं. आमच्या टेकडीवर काचेचा उंच मनोरा, खाली कारंजं, आणि जिथे आमचं स्वयंपाकघर होतं बरोबर त्या जागी उघड्या पाठीच्या दोन बायका हसत उभ्या. वर लिहिलेलं : 'डोंगरातले सोन्याचे दिवस परत येत आहेत.'

ते चित्र मी फाडून चुलीत घातलं.

ते दिवस मी पाहिलेत. वडिलांचं हॉटेल, झेल्निक हाउस, त्या टेकडीवर होतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून शिंपी यायचे, काज करणाऱ्या बायका यायच्या, टोप्या शिवणारे यायचे. वर्षभर शिवणयंत्रावर वाकलेली माणसं दोन आठवडे आमच्याकडे पाठ सरळ करायची. तीन वेळा जेवायची आणि मधल्या वेळात पुढच्या जेवणाची चौकशी करायची. रात्री पत्ते चालत, पण डाव बटणांवर. प्रत्येकाच्या खिशात बटणं असायचीच. टेबलावर नाणं दिसलं की वडील काही न बोलता पत्त्यांचा जोड उचलून घेऊन जात. दुसऱ्या दिवशी तो माणूस स्वतः मागायला यायचा, खाली मान घालून.

मग लोक विमानाने फ्लोरिडाला जायला लागले. हॉटेल बंद पडलं, पुढे जळालं, टेकडी बँकेकडे गेली आणि बँकेकडून कंपनीकडे. माझ्याकडे पायथ्याची एक खोली राहिली, पूर्वी वाढप्यांची होती ती. मी अजून तिथेच राहते.

राज्यात कॅसिनो चालतील असा कायदा झाला आणि ते कुठे बांधायचे हे ठरवायला समिती बसली. आमच्या भागातली दोन गावं यादीत उरली, आमचं केलरस्किल आणि पलीकडच्या खोऱ्यातलं टिलबरी. दोन्ही उपाशी. कायदा करणारे ज्या गल्ल्यांत राहतात त्यातली एकही गल्ली यादीत नव्हती. मी यादी नीट वाचली होती.

वसंतात कंपनीची माणसं टेकडी मोजायला आली, तेव्हा काटेरी झुडपात त्यांना एक दगड सापडला. त्यावर दोन हिब्रू अक्षरं. शेजारच्या गावचे रबाय, आमचे धर्मगुरू, येऊन वाचून गेले : 'इथे पुरलं आहे.' कोणाला, ते लिहिलेलं नव्हतं. आम्हा ज्यूंच्या थडग्यांवर हीच अक्षरं असतात. त्यामुळे काम थांबलं. थडगं असेल तर त्यावर पाया घालता येत नाही, आणि टेकडीवर दुसरी एवढी सपाट जागा नाही. मग कॅसिनो टिलबरीला जाणार.

तिथे काय आहे हे सांगू शकणारी, जिवंत अशी मी एकटीच होते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी पहिला आला लिओनर्ड पॅश. शहरात दातांचा डॉक्टर, आमच्या तळ्याकाठी सुट्टीचं घर. हातात महागाचा केक.

"गिटल, तुम्हाला फक्त एक वाक्य बोलायचंय," तो म्हणाला. "लहान भाऊ पुरलाय म्हणा, लहान बहीण म्हणा, कोणीही. थडगं उकरायला आपल्या धर्मात बंदी आहे. कोण तपासणार?"

"आणि कॅसिनो?"

"जाईल टिलबरीला. त्यांना हवाच आहे. तिथे बिघडण्यासारखं काय शिल्लक आहे?"

टिलबरीत आमच्या निम्म्या मोलकरणी राहायच्या. त्यांच्या मुली, नाती अजून तिथेच आहेत. मी म्हटलं, "लिओनर्ड, तुझ्या तळ्याकाठून मनोरा दिसेल, एवढंच ना तुझं दुखणं?"

"तुम्हाला पण नकोच आहे की तो."

"मला नकोय. पण मला तू पण नकोयस. केक घेऊन जा."

केक त्याने नेला नाही. विसरला असेल, किंवा विसरल्यासारखं केलं असेल.

अंधार पडायच्या आत डोरीन कॅफ्री आली. ती आमच्या गावची प्रमुख. तिची आई रोझ आमच्याकडे खोल्या झाडायची, आणि डोरीन चादरींच्या टोपलीत झोपलेली असायची. ती न विचारता खुर्चीवर बसली आणि केक कापायला लागली.

"मिसेस बी, तिथे कोणी पुरलेलं नाही, हो ना?"

"तुला काय माहीत?"

"आईने सांगितलं असतं. आईच्या तोंडात काही राहायचं का?"

मी तिच्यासमोर बशी ठेवली.

"माझा केव्हिन गोदामात खोकी उचलतो. जायला दोन तास, यायला दोन तास. त्याची पोरगी त्याला रविवारी बघते. इथे काम आलं तर तो घरी येईल. मी खोटं बोला म्हणत नाही. खरं बोला, एवढंच म्हणते."

"खरं मला जेव्हा सोयीचं नाही, तेव्हाच बरी आठवण येते तुला खऱ्याची."

"तुमच्याकडूनच शिकले," डोरीन म्हणाली आणि दुसरा तुकडा घेतला.

रात्रभर मी ठरवत होते की खोटं बोलायचं. पुरलेल्या बाळाचं नावसुद्धा ठरवलं. मग मला टिलबरीच्या त्या मुली दिसायला लागल्या, ट्रेमध्ये दारू घेऊन उभ्या. माझ्या खोट्यावर उभा राहिलेला मनोरा त्यांच्या दारात. आणि लिओनर्ड तळ्याकाठी निवांत.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली समितीचे तिघे, बाजूला कंपनीचा वकील. बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं. समोर एक दिवा, वेळ संपली की लाल.

"मिसेस ब्रेसलर," अध्यक्षांनी विचारलं, "त्या दगडाखाली कोण आहे?"

मागच्या रांगेत लिओनर्ड मान हलवून मला धीर देत होता. डोरीन स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"कोणी नाही," मी म्हणाले. "पुस्तकं आहेत. प्रार्थनेची."

सगळी व्यायामशाळा एकदम बोलायला लागली. ती शांत झाल्यावर मी सांगितलं : आमच्यात देवाचं नाव छापलेलं पुस्तक कितीही फाटलं तरी फेकत नाहीत, जाळत नाहीत. माणसासारखं पुरतात. शेवटचा पाहुणा गेला की वडील दर वर्षी त्या जागी खणत. मी आणि माझा भाऊ उशीच्या अभ्र्यात पुस्तकं भरून नेत असू. सुपाचे डाग पडलेली, शिंप्यांच्या बोटांनी कोपरे झिजलेली.

वकिलाने मोठा श्वास सोडला. "म्हणजे नुसती पुस्तकं," तो हसून शेजारच्याला म्हणाला. माइक चालू होता.

मी काठीने टेबलावर मारलं. एवढ्या वर्षांत मी माणसांसमोर आवाज चढवला नव्हता.

"नुसती पुस्तकंच आहेत. म्हणून तुम्हाला बांधता येईल, आणि तुम्ही बांधाल. पण मला सांगा, यादीत आमचीच गावं का? तुमच्यापैकी कोण राहतं जुगाराच्या शेजारी? आधी आमचे कारखाने जाऊ दिलेत, दवाखाना बंद होऊ दिलात, आणि आता भुकेल्या माणसाला विचारता, विष चालेल का. तो हो म्हणतो. मग कागदावर लिहिता, गावाची संमती आहे. इतकी चांगली वस्तू असेल तर स्वतःच्या घरासमोर बांधा. तुमच्या मुलांच्या शाळेसमोर. माझे वडील नाणं दिसलं की पत्ते उचलून न्यायचे, आणि तुम्ही त्यांच्या टेकडीला—"

दिवा लाल झाला होता.

"आभारी आहोत, मिसेस ब्रेसलर," अध्यक्ष म्हणाले. "पुढचे."

पुढचा उठला आणि वाहनतळाबद्दल बोलायला लागला.

पानगळीत निकाल लागला. आमची टेकडी. लिओनर्डने घर विकायला काढलं. मला रस्त्यात भेटला तेव्हा त्याने मान फिरवली. पुरलेलं खरं तर हलवायचं नसतं. पण नाण्यांच्या यंत्रांखाली मी ते राहू देणार नव्हते. रबाय म्हणाले, हलवा. कंपनीने मला एक सकाळ दिली.

डोरीन फावडं घेऊन आली. मी बोलावलं नव्हतं. दगड बाजूला करून ती खणत राहिली, आणि मी जळालेल्या हॉटेलातून वाचलेलं सुपाचं मोठं पातेलं घेऊन काठावर बसले. बराच वेळ नुसती मातीच निघत होती. मग एक पितळी कडी निघाली, जुनं जाड पुस्तक मिटून ठेवायला असते तसली. बाकी काही नाही.

"काहीच उरलं नाही, मिसेस बी."

"नीट बघ. खालची माती काळी आहे. ती भर."

तिने पातेलं भरलं. वडील दफनभूमीत ज्या जागी आहेत त्याच्या शेजारी ते रिकामं करायचं होतं. खाली रस्त्यावर ते चित्र आता घराएवढं करून लावलेलं होतं, त्या दोन बायकांसकट.

"केव्हिनला शब्द दिलाय त्यांनी," डोरीन म्हणाली. "गाड्या लावायचं काम."

"ऐकलं."

"तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"हो."

"किती दिवस राहणार हा राग?"

"मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, डोरीन. मी आहे तोवर. पातेल्याचा तो कान धर, हा मी धरते. आणि सांडू नकोस."