उंच खुर्ची आणि तिच्या चार पायऱ्या

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. जुनी आहे, हे वेगळे सांगायला नको; माझ्याकडे पाहिले की कळेल. गेली कित्येक वर्षे मी जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत पडून आहे. लाकडाला थकवा येतो का, असे तुम्ही विचाराल. मला आला आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. आठवते तशी सांगते. काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

पो नदीच्या मैदानात, धुक्याच्या मुलखात, एका विद्यापीठाच्या गावी माझा जन्म झाला. मेनिको नावाच्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले. माझी बैठक उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच होती. पुढे ग्रंथ ठेवायला उतरती फळी होती आणि वर चढायला चार पायऱ्या. पायऱ्या फार अरुंद झाल्या, असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा मेनिको रंधा थांबवून म्हणाला, "चढताना कुणी कुरकुर करत नाही. आणि उतरतात कधी हे गुरुजी लोक?"

सगळे हसले. त्यात हसण्यासारखे काय होते, ते मला तेव्हा कळले नाही.

मला शरीररचनेच्या शाळेत नेऊन ठेवले. मध्ये एक लांब मेज, सभोवार एकावर एक चढत गेलेले लाकडी कठडे, आणि मेजाच्या डोक्याशी मी. शिकवणे फक्त कडाक्याच्या थंडीत चाले, कारण मेजावर माणसाचे प्रेत असे आणि उन्हाळ्यात त्याच्याजवळ उभेच राहवत नसे. तेच दिवस कार्निव्हलच्या जत्रेचे. त्यामुळे मुखवटे गळ्यात अडकवलेले विद्यार्थी कठड्यांवर दाटीवाटीने उभे राहत आणि तळलेले गोड गोळे खात खात माणसाच्या आतड्यांविषयी ऐकत.

शिकवण्याची रीत ठरलेली होती. गुरुजी माझ्यावर बसून ग्रंथ वाचत. ग्रंथ फार प्राचीन, एका ग्रीक वैद्याचा. खाली नान्नी न्हावी सुरी चालवत असे; चिरफाडीचे काम तेव्हा न्हाव्यांकडेच असे. त्याच्या शेजारी काठी घेतलेला सहायक उभा असे. गुरुजी ज्या भागाचे नाव घेतील, तिकडे तो काठी नेई. वाचणारा खाली पाहत नसे. कापणाऱ्याला ग्रंथाची भाषा येत नसे. एका नव्या विद्यार्थ्याने एकदा नान्नीला विचारले, "काय हो, ग्रंथात लिहिलंय तसंच असतं का आत?"

नान्नी सुरी पुसत म्हणाला, "मला काय विचारता? माझं काम कापायचं. दाखवायचं काम काठीचं. समजायचं काम वरच्यांचं."

वरचे म्हणजे गेरार्दो पासेरी. माझ्यावर सगळ्यांत जास्त वर्षे तेच बसले. खाली असताना हा माणूस कोणाच्या नजरेला नजर देत नसे. भाजीवालीशी बोलतानाही त्यांची जीभ अडखळे. माझ्या चार पायऱ्या चढून वर आले की मात्र त्यांचा आवाज खणखणीत होई. रक्ताचा वास त्यांना सोसत नसे, म्हणून हातात एक चिरलेले लिंबू धरून ते अधूनमधून हुंगत. शरीररचनेचा गुरू आणि रक्ताने कासावीस होतो, हे विद्यार्थ्यांना कळले असते तर त्यांनी त्यावर गाणेच रचले असते. मी कोणाला बोलले नाही. खुर्चीला तेवढे जमते.

एकदा काय झाले, ग्रंथात खालच्या जबड्याची दोन हाडे लिहिली होती आणि मेजावर एकच निघाले. काठी हवेत थबकली. गुरुजींनी तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "त्या काळच्या माणसांना दोन असत. हल्लीची माणसंच तशी राहिली नाहीत."

पिसांच्या लेखण्या भराभर चालल्या आणि सगळ्यांनी ते लिहून घेतले. पण गुरुजींची बोटे माझ्या हातावर घट्ट आवळली गेली होती. ती बराच वेळ सैल झाली नाहीत.

आमच्या गावी एक रिवाज होता. माझ्यावर कोणी बसायचे, ते विद्यार्थीच हात वर करून ठरवत, दरवर्षी कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी. कित्येक वर्षे एकच नाव असे. एका हिवाळ्यात मात्र दोन नावे आली. दुसरे नाव कोर्राडो वेन्तुराचे. कोर्राडो हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी, आता स्वतः वैद्य झालेला, जिभेचा तिखट. गुरुजींना या खुर्चीवाचून दुसरे काही नव्हते. बायको नाही, मुले नाहीत, खाली उतरल्यावर धड आवाजही नाही. खुर्ची गेली की सगळेच गेले, हे त्यांना माहीत होते आणि मलाही.

त्या वर्षी निवडीच्या दिवशी मेजावर बैलाचे हृदय होते. गुरुजी वाचत होते. हृदयात दोन कप्पे, मध्ये जाड भिंत. त्या भिंतीत बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त एका कप्प्यातून दुसऱ्यात झिरपते.

कठड्यावरून कोर्राडो म्हणाला, "गुरुजी, ती छिद्रं एकदा दाखवा की."

"ती डोळ्यांना दिसत नाहीत," गुरुजी म्हणाले.

"मग कशाला दिसतात?"

हशा पिकला. कोणीतरी मातीची शिट्टी फुंकली. गुरुजींनी तीच ओळ पुन्हा वाचली.

कोर्राडो खाली उतरून मेजापाशी आला. त्याच्या हातात रानडुकराचा एक राठ केस होता. तो म्हणाला, "छिद्र असेल तर हा केस आरपार जाईल. मी नाही घालत; मी मुद्दाम चुकवला असं म्हणतील. तुम्हीच या खाली. तुम्ही जे सांगाल ते मी मानतो, आणि माझं नाव मागे घेतो."

मित्रांनो, यातली खोच ध्यानात घ्या. कठड्यांवरून कोणालाच नीट दिसणार नव्हते. गुरुजी "गेला आरपार" असे नुसते म्हणाले असते, तरी खुर्ची त्यांचीच राहिली असती.

ते उठले. हातातले लिंबू त्यांनी माझ्या उजव्या हातावर ठेवले. इतक्या जोराने दाबून ठेवले की त्याचा रस माझ्या लाकडात मुरला. मग ते एकेक पायरी चाचपत खाली गेले. शिकवणे चालू असताना माझ्यावरून कोणी खाली उतरलेले मी तोवर पाहिले नव्हते.

मेजावर वाकून त्यांनी केस हृदयातल्या त्या भिंतीला लावला. केस वाकला. त्यांनी दुसरी जागा पाहिली, मग तिसरी. नान्नीला त्यांची दया आली असावी. तो वाकून हळूच म्हणाला, "थोडा जोर द्या गुरुजी. मांसच आहे, फाटेल. कुणाला कळतंय?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले. मला वाटते, ते हसले. माझी चूकही होत असेल, कारण मला त्यांची पाठच दिसत होती. त्यांनी केस मेजावर ठेवला आणि खालच्या, अडखळत्या आवाजात ते म्हणाले, "मला नाही सापडली."

"मोठ्यानं," वरून कोणी ओरडले.

"मला सापडली नाहीत. इतकी वर्षं मी वाचत आलो. आज पाहिलं, तर... नाहीत."

शिट्टी कोणी फुंकली नाही. गुरुजी परत वर आले नाहीत. माझ्या सर्वांत खालच्या पायरीवर ते बसून राहिले. शेवटी नान्नीने त्यांना हाताला धरून बाहेर नेले.

हात कोर्राडोसाठी वर झाले. कोर्राडोने मला बाजूला सारले. "उभ्यानं शिकवणार, स्वतः कापणार," तो म्हणाला. "आधी बघा, मग लिहा." मला ओढत कोपऱ्यात नेले. शाळेच्या राखणदाराची बायको माझ्यावर कांद्याच्या माळा टांगू लागली. माझ्या बैठकीत एक कोंबडी बसू लागली. खरे सांगते, मला राग आला नाही. कोंबडीला काही वाचायचे नव्हते. माझ्या सांध्यांना जरा विसावा मिळाला.

गेरार्दो गुरुजी मात्र दर हिवाळ्यात येत राहिले. आता ते सर्वांत खालच्या कठड्यापाशी, मेजाच्या अगदी जवळ उभे राहत. लिंबू हातात असेच. मान पुढे काढून ते पाहत. म्हातारपणी पहिल्यांदाच शाळेत आलेल्या माणसासारखे.

वर्षे गेली. कोर्राडोचे केस पिकले, गुडघे दुखू लागले. त्याने स्वतःचा एक भलामोठा ग्रंथ लिहिला, पहिल्या पानावर स्वतःचे चित्रही छापले. एक दिवस तो राखणदाराला म्हणाला, "ती खुर्ची कुठंय रे? पुसून आण. उभं राहवत नाही आता." कांदे गेले, कोंबडी गेली. कोर्राडो माझ्यावर बसला आणि आपला ग्रंथ वाचू लागला. खाली पुन्हा सुरी आणि काठी आली. मला तेच ओझे पुन्हा जाणवले. माणूस वेगळा होता, वजन तेच होते.

त्या ग्रंथात लिहिले होते की हातापायांच्या शिरांमध्ये लहान लहान झडपा असतात. रक्त खाली जाताना एकदम धावू नये, म्हणून त्या त्याला अडवून हळूहळू सोडतात. उत्तरेकडून आलेला यान नावाचा एक विद्यार्थी मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "गुरुजी, आम्ही सळई घालून बघितली. खालून वर जाते. वरून खाली जातच नाही. रक्त तरी कसं जाईल?"

"झडपेला फट असते," कोर्राडो म्हणाला. "ती डोळ्यांना दिसत नाही."

खालच्या कठड्यापाशी आधाराची एक काठी लाकडावर आपटली. गेरार्दो गुरुजी होते. पार वाकलेले, आवाज फाटलेला.

"मग कशाला दिसते रे, कोर्राडो?"

कोणी हसले नाही. तरुणांना ती जुनी गोष्ट माहीतच नव्हती. फक्त त्या दोघांना माहीत होती, आणि मला. कोर्राडोचा हात माझ्या उजव्या हातावर होता, नेमका लिंबाच्या त्या डागावर. तो डाग किती पुसला तरी गेला नव्हता.

"गुडघे दुखतात गुरुजी," कोर्राडो हळूच म्हणाला.

"दुखणारच. पायऱ्या अरुंद आहेत. ये तू, मी हात देतो."

ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्याने कठड्यातून हात पुढे केला. कोर्राडोने आपला ग्रंथ मिटला. मग उठला आणि तो हात धरून खाली उतरला. दोघेही कण्हत कण्हत मेजापाशी गेले. यानने सळई पुढे केली आणि तिघांची डोकी एका जागी वाकली. त्यांना काय दिसले, ते मला सांगता येणार नाही. मित्रांनो, माझ्या उंचीवरून मला मेजावरचे कधीच काही स्पष्ट दिसले नाही. इतक्या वर्षांत तेवढे एकच मी नीट शिकले.

आता ती माणसे नाहीत. माझी तिसरी पायरी कोणीतरी शेकोटीत घातली, चौथी खिळखिळी आहे. परवा दोघे जण दिवा घेऊन माझ्यापाशी आले होते. मला मोठ्या सभागृहात मांडायचे म्हणाले. घासून, तेल लावून, नवी गादी घालून. "पायऱ्या काढून टाकू," एक जण म्हणाला. "वाईट दिसतात. कुणाला बसवायचं असेल तेव्हा शिडी लावू आणि मग ती उचलून नेऊ."

माझ्याबद्दल तुम्हाला थोडी जरी माया वाटली असेल, तर एवढे करा. तेल नको, गादीही नको. डाग आहे तिथे राहू द्या. आधी माझ्या पायऱ्या दुरुस्त करा. त्या जरा रुंद करा, आणि एका बाजूला हात धरायला कठडा लावा. वर चढायला त्यांची गरज कधीच नव्हती; चढणारा कसाही चढतो. जो कोणी उद्या माझ्यावर बसेल, त्याला खाली येता आले पाहिजे.