कुपाटीतला वास

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि रानतुळशीवर संशोधन करायला लागल्यापासून तर तो तिथून उतरतच नाही. जिंतूरजवळच्या माळावर मी तुळशीचा एक तुकडा राखला होता. भोवती बोरीच्या काट्यांची कुपाटी घातली होती आणि तिथं मेंढ्या चारणाऱ्या म्हाळसाबाईंना बजावलं होतं, पानाला हात लावायचा नाही. या पानांवर बारीक केस असतात, त्यांतल्या काहींच्या टोकाला तेलाची पिशवी. नुसता धक्का लागला तरी ती फुटते, वास सुटतो आणि माझं मोजमाप वाया जातं.

त्या दुपारी म्हाळसाबाई बाभळीखाली एकट्याच बसल्या होत्या. त्यांची चार वर्षांची नात दिपाली दिसेना.

"मावशी, पोरगी कुठंय?"

"तुमच्या कुपाटीत निजवली, कोकरापाशी. लांडगं फिरायलंय म्हनं. परवा खालच्या वाडीतून शेळी नेली. तिथं काटी हाय, बरं."

माझं डोकं फिरलं. बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वास आला.

वारा नव्हता. बाभळीचं पानही हलत नव्हतं. तरी तुळशीचा ताजा दर्प आला, आणि झाड आपण होऊन एवढा वास सोडत नाही. पोरगी उठून पानं चुरगाळत असेल म्हणून मी काट्यांतून वाकून पाहिलं. कुपाटीच्या तोंडाशी, मोकळ्या जागेत, दिपाली गोधडीवर गाढ झोपली होती. तिच्यामागं छातीएवढी तुळस दाटलेली. त्यात दुसरंच काहीतरी चालत होतं.

मी हाक मारणार तोच म्हाळसाबाईंनी माझा दंड धरला.

"वरडू नगा. झोपंतून उठली की पळंल, आन् त्ये पळत्याच्या मागं लागतंय." त्यांनी काठी उचलली. "तुमाला वासाचं कळतंय. जवळ यायलंय का लांब जायलंय, येवढं सांगा."

पाच वर्षं मी वासावर कागद रंगवले होते, पण त्याच्यावर कुणाचा जीव कधी ठेवला नव्हता. माझं नाक चुकलं तर? म्हाळसाबाई कुपाटीच्या तोंडावरची काटेरी फांदी सारून एकेक पाऊल आत जात होत्या. वास वाढला. "थांबा," मी पुटपुटले. त्या थांबल्या. मला माझ्याच घामाचा वास येत होता. मग दर्प हळूहळू फिका झाला. पलीकडच्या काट्यांत काहीतरी खसफसलं.

"गेलं. उचला."

त्यांनी पोरीला उचलून बाहेर आणलं, माझ्या हातात दिलं आणि कुपाटीच्या तोंडावर काटी ओढली. कोकराचं दावं आत तसंच पडलं होतं, तुटलेलं; कोकरू नव्हतं. दिपाली डोळे चोळत होती. मी तिला घट्ट छातीशी धरलं. तिच्या गालाला आणि केसांना तुळशीचा उग्र वास येत होता.

"खेळली वाटतं पानांत," मी म्हणाले. आता राग नव्हता. "असू दे."

"न्हाई वो म्याडम," म्हाळसाबाई म्हणाल्या. "निजलेलीच आनली खांद्यावर. तुमी रागावता म्हणून एका पानाला लागू दिली न्हाई."

मी पुन्हा गाल हुंगला. तो ओला होता, चाटल्यासारखा.