व्यवसायाचा रकाना

“ह्याला कुटं टाकू?” किसनआप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हातातला कागद सुनीतीपुढं धरला. “रातचा कंपनीत जातोय, सकाळी खाचरात असतोय, वर चार खोल्या भाड्यानं दिल्यात.”

“ज्यातून जास्त मिळतं, तो त्याचा व्यवसाय.”

“मंग खोल्या. पर त्याला इचारलं तर शेतकरीच म्हनतोय.”

रविवारची सकाळ होती. माले गावातल्या त्यांच्या ओसरीभर तीनशे बारा प्रश्नावल्या पसरल्या होत्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आईनं कुठल्या गठ्ठ्यावर अडकित्ता ठेवला होता, कुठल्यावर तांब्या. मुळशीतली कुटुंबं किराणा गावच्या दुकानातून घेतात की मोबाईलवरून मागवतात, यावर सुनीतीचा पीएच.डी.चा प्रबंध होता. वर्गीकरणाचं प्रकरण बुधवारपर्यंत सरांना द्यायचं होतं.

आधी ती स्वतः घरोघर गेली होती. लोकांनी चहा पाजला आणि तिला बरं वाटेल तेवढंच सांगितलं. मग निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी, आप्पांनी, पिशवीत कागद भरले आणि माले, पिरंगुट, नांदे असं दोन महिने पायाखाली घातलं. त्यांना मात्र लोक खरं सांगत.

“आप्पा, कोपऱ्यात हे टिंब कसलं?”

“त्यांनी उत्पन्न कमी सांगितलंय.”

“असा गट नसतो.”

“नसू दे की. तुला ठावं असावं म्हून दिलंय.”

तिनं पुन्हा समजावलं. माहितीची वाटणी गावावरून करता येते, काळावरून करता येते, गुणावरून करता येते आणि आकड्यावरूनही. कशीही करा, पण त्या वाटणीत एक कागद एकाच गठ्ठ्यात गेला पाहिजे.

“आमच्या कंपनीच्या गेटवर तीनच वर्ग,” आप्पा म्हणाले. “कामगार, पाव्हना अन् गाडी. येकदा सायबाची सासू रिक्षातनं आली. आता ती पाव्हन्यात लिवायची का गाडीत? अर्धा तास त्यातच गेला.”

“अन् ती बिचारी उन्हात उभी!” आई आतून म्हणाली. “सायबानं ह्यांनाच घरी घालवायचं, तर हसत बसला.”

सुनीतीही हसली. मग हातातला गठ्ठा उगाचच पुन्हा मोजू लागली.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी तिचा वर्ग कारखाना बघायला पिरंगुटला आला होता. बस नेमकी आप्पांच्या कंपनीच्या गेटपाशी थांबली. वर्गात कुणाचे वडील बँकेत होते, कुणाचे प्राध्यापक. आपले वडील शेती करतात, असं तिनं सांगून ठेवलं होतं. अर्ध्या एकरात भात होत असे, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. निळ्या गणवेशातले आप्पा पाहुण्यांचं रजिस्टर घेऊन उभे होते. एकेकीला नाव विचारून ते लिहून घेत होते. सुनीतीची पाळी आली, तेव्हा त्यांनी वर न बघता तिचं नाव लिहिलं, आणि रजिस्टर तिच्याकडं फिरवलं.

“सही करा, मॅडम.”

तिनं सही केली आणि ती आत गेली. त्यानंतर घरी त्या दिवसाचा विषय ना त्यांनी काढला, ना तिनं. पुढंही प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं ती ‘शेती’ लिहीत राहिली.

दुपारपर्यंत गठ्ठे बांधून झाले. एकच कागद आप्पांच्या मांडीवर उरला.

“हा कुणाचा?”

“आपला. तीनशे घरं इचारली, मंग आपलं का सोडायचं?”

कागद नीट भरला होता. घरात माणसं तीन. किराणा गावातल्या शेखरच्या दुकानातून, चहापत्ती मोबाईलवरून. कुटुंबप्रमुखाच्या व्यवसायाचा रकाना तेवढा कोरा होता.

“हे राहिलंय, आप्पा.”

“ऱ्हायलं न्हाई, ठेवलंय,” ते सुतळी गुंडाळत म्हणाले. “तुजा सर्वे हाय. तू लिवशील ते.”

आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर तिला सोपं गेलं असतं. “लिहिते नंतर,” म्हणत तिनं तो कागद सगळ्यात खाली सरकवला. संध्याकाळी तिघांनी चहाबरोबर खारी खाल्ली. नांद्यातल्या दोन घरांची उत्तरं जुळत नाहीत, उद्या जाऊन पुन्हा विचारून येतो, असं आप्पा म्हणाले.

सोमवारी सकाळी फाट्यावर बसची वाट बघत ते बाकावर बसले होते. बस आली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. पिशवी त्यांच्या मांडीवर तशीच होती.

आप्पांच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी सुनीती मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेली. टेबलापलीकडं दयानंद होता, शाळेत तिच्या दोन वर्षं पुढं असलेला. त्यानं फॉर्म ओढला, नाव लिहिलं, वय लिहिलं आणि न विचारता पुढं सरकला.

“व्यवसाय शेती टाकतो, ताई.”

“थांब.”

“अगं, सगळ्यांचं तेच टाकतो आमी. सातबाऱ्यावर नाव हाय ना आप्पांचं? मंग झालं.”

“झालं नाही. खोड ते.”

“कंपनी सोडून चार वर्सं झाली की त्यांना. अन् शेतकरी बरं दिसतंय कागदावर.”

बाकावर दाखल्यासाठी आलेली तीन-चार माणसं होती. ती ओळखीचीच होती, आणि सगळी तिच्याकडं बघत होती. सुनीतीच्या पर्समध्ये घडी केलेला तो कागद अजून कोराच होता. तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“वॉचमन लिही, दयानंद. पिरंगुटला कंपनीच्या गेटवर सव्वीस वर्षं उभे होते. माझे वडील वॉचमन होते.”