कमंडलूतल्या तीर्थानं पाय धुतले

कोहक्याच्या मैदानात त्या संध्याकाळी एवढी गर्दी लोटली होती, की पोलाद कारखान्याची एक अख्खी पाळी सुटून तिथंच आली असावी. मधोमध तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीपाशी एक बाबा. गंजीवरच्या पांढऱ्या बुरशीला ते देवाची दाढी म्हणत. थाळीत मूठभर तणस घ्यायचं, दाढीची चिमूट टाकायची, कमंडलूतलं तीर्थ शिंपडायचं, मंत्र पुटपुटून काडी लावायची. ओलं तणस निळ्या ज्योतीनं पेटायचं. ‘तणसाचं तेल झालं! आता भट्टीला कोळसा नको!’ कारखाना उभारणाऱ्या रशियन साहेबांनाही हे जमलं नाही, अशी पुस्ती होतीच.

क्रेनवर काम करणारा फकिरा भारावला. घरचं सगळं तणस बाबांना वाहायचं त्यानं ठरवलं. बायको सिंधुताईनं विचारलं, गाभण गाय उन्हाळाभर काय खाईल? तर म्हणे, बाबा बघून घेतील. गाय तिच्या माहेरची; तिचा जीव तुटला. पण बाबांच्या थाळीचा वास तिला ओळखीचा वाटला होता. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, श्यामरावांकडे ती भांडी घासायची, तिथं स्टोव्ह पेटवताना असाच वास यायचा.

दुसऱ्या दिवशी फकिराची तणसाची बैलबंडी मैदानात आली. देण्याआधी साधूचे पाय धुवायचे आणि ओवाळायचं, ही त्यांची भंडाऱ्याकडची रीत. सिंधुताई परात घेऊन बसली.

“आमचं नळाचं पानी कायले? तुमचंच तीर्थ हाय ना,” म्हणत तिनं अख्खा कमंडलू बाबांच्या पायांवर रिकामा केला. मग निरांजन लावून, चांगलं हातभर लांब धरून, ती पायांकडे वळली.

समाधीतले बाबा टुणकन उडून गंजीच्या टोकावर जाऊन बसले.

“कावून पळून राहिले, महाराज?” फकिरानं भाबडेपणानं हात जोडले.

“दिया हटाओ, बाई!” बाबा वरून किंचाळले.

मग सिंधुताईनं परातीतलं तीर्थ चमचाभर दगडावर ओतलं आणि काडी लावली. ना तणस, ना मंत्र, तरी निळी ज्योत उठली. गर्दी पोट धरून हसली.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतले श्यामराव तिथंच होते. ते म्हणाले, “हे स्टोव्हचं स्पिरिट आहे. बुरशी तणस कुजवून त्यातली साखर मोकळी करते, हे मात्र खरं. ती साखर आंबवून, गाळून तिचं जळणही होऊ शकेल. पण त्याला कित्येक दिवस आणि पुष्कळ अक्कल लागते. मंत्र लागत नाही.”

फकिरानं मान खाली घालून बंडी घराकडे वळवली. गाईनं चांगलं तणस खाल्लं, देवाची दाढी लागलेल्या पेंढीला मात्र तोंड लावलं नाही.

तेव्हा मंडळी, कुणी तीर्थ दाखवलं तर नमस्कार जरूर करा. पण आधी त्याच तीर्थानं त्याचे पाय धुवा, आणि निरांजन जवळ ठेवा.