ओनेनचं माणसाळलेलं पेट्रोल

ईस्टरच्या होळीसाठी रचलेल्या ढिगाऱ्याभोवती शनिवारी दुपारी अख्खं गाव जमलं होतं. बघत मात्र होतं ते चमत्कार दाखवत फिरणाऱ्या ओनेनकडे. त्याने लाल डब्यातलं पेट्रोल परातीत ओतलं, त्यात तांब्याचं कडं सोडलं, डोळे मिटले आणि जळती काडी टाकली. चुर्र! काडी विझली.

"अग्नी माणसाळला," ओनेन म्हणाला. "कड्याची स्पंदनं त्याला चावू देत नाहीत."

आम्ही जर्मन, विज्ञानाच्या देशातले. कुणी 'जादू' म्हटलं असतं तर हसलो असतो. 'स्पंदनं' म्हटल्यावर माना डोलावल्या.

होळी पेटवायचा मान म्हाताऱ्या ओक्कोचा. चार दिवसांच्या पावसाने लाकडं चिंब झाली होती. त्यानेही बुधवारीच ओनेनकडून कडं आणून आपल्या पेट्रोलच्या डब्यात सोडलं होतं आणि संध्याकाळी ढिगाऱ्यावर चढून ते पेट्रोल स्वतः ओतणार होता.

"बाबा, भाजून मराल," त्याची मुलगी हिल्के म्हणाली. ती ट्रॅक्टर दुरुस्त करते.

"अगं, आत्ता डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं. अहो ओनेन, आता परात बाबांच्या डब्यातून भरा की!"

"परक्या पेट्रोलला आधी तीन दिवस शांत करावं लागतं."

"बुधवारपासून शांतच आहे ते," ओक्को भाबडेपणाने म्हणाला. "भरा."

"दमट हवेत स्पंदनं मंदावतात."

"मघाशी काय कोरडी हवा होती?" हिल्केने पावाची कागदी पिशवी फाडली आणि दोन्ही डब्यांतला एकेक थेंब तिच्यावर टाकला. ओक्कोचा थेंब बघता बघता उडून गेला. ओनेनच्या थेंबाचा तेलकट डाग काही हटेना.

"पेट्रोल कसलं? हे डिझेल आहे!"

मग तिने ओक्कोचं चमचाभर पेट्रोल कड्यासकट लांब वाळूत एका झाकणात ठेवलं, डबा बंद करून दूर नेला आणि लांब दांड्याला बांधलेला जळता पेंढा पुढे केला. पेंढा टेकायच्या आतच भक्क! ज्वाळेत कडं आपल्या स्पंदनांसकट तापत राहिलं.

"मी त्यावर उभा असतो," ओक्को म्हणाला. ओनेन मोटारीपर्यंत कधी पोहोचला ते कळलंच नाही.

थंडीत डिझेलची वाफ जवळपास होत नाही, म्हणून काडी त्यात बुडून विझते. पेट्रोल थंडीतही वाफ सोडतं. न दिसणारी ती वाफच आधी पेटते. डिझेलही तापलं किंवा चिंधीत मुरलं की पेटतं, तेव्हा त्याच्याशीही खेळू नका.

होळी आम्ही दुसऱ्या दिवशी कोरड्या पेंढ्यावर पेटवली. चमत्कार दाखवणारे पुन्हा येतील. त्यांना हात जोडायच्या आधी एवढंच सांगा: तुमचा डबा राहू द्या, आमच्या डब्यातलं घेऊन दाखवा.